ज्ञानेंद्रियांचे खेळ व बालवाचन (ग्रामीण विदर्भ)

गोष्ट ऐकता-पाहताना तिच्यातली वस्तू मुलाने हाताळावी, हुंगावी, वाजवावी आणि पुन्हा पानाकडे यावे, अशी दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीची शिकण्याची रीत. विदर्भातल्या खेड्यांत तिला लागणारे सामान अंगणात, शेतात आणि सुपातच असते.

पुस्तकात कापूस आला, तर वेचणीच्या दिवसांत फुटलेले बोंड शोधायला लांब जावे लागत नाही. बोंडाची वाळकी टोके बोटाला टोचतात, कापूस ओढला की लांबतो, आत सरकी लागते. बोचरे, मऊ, टणक असे तीन शब्द एकाच बोंडात. त्यानंतर पान उघडून चित्रावर आणि अक्षरांवर बोट ठेवायचे. हे परत येणे राहिले, की खेळ होतो पण वाचन होत नाही. नेमकी हीच चूक जास्त होते.

या रीतीचा इथला खरा उपयोग भाषेसाठी आहे. पुस्तकात ‘कापसाचे झाड’ असते, वऱ्हाडी घरात ‘पऱ्हाटी’. मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीतल्या गोंडी, माडिया बोलणाऱ्या मुलाला तर छापील शब्द सगळाच परका. वस्तू हातात असली की घरचा आणि पुस्तकातला असे दोन्ही शब्द तिलाच चिकटतात. म्हणून आधी मुलाचा शब्द विचारावा, मग पुस्तकातला सांगावा.

अक्षर बोटाने गिरवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. धूळपाटीवर धुळाक्षरे गिरवूनच पूर्वी शिक्षणाची सुरुवात होई. इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी पाटीवर चिकटवलेल्या खरखरीत कागदाच्या अक्षरांतून तेच शास्त्रशुद्ध केले. त्यांची पहिली बालशाळा १९०७ मध्ये रोममध्ये निघाली. गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे हे साहित्य महाराष्ट्रातल्या खेड्यांना परवडेल असे केले. भावनगरला जाण्याआधी काही वर्षे त्या अमरावतीत राहिल्या होत्या. १९३७ च्या वर्धा परिषदेतून आलेल्या नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचाही भर हातांनी शिकण्यावरच होता. अक्षर गिरवायला आज परातीत ज्वारीचे पीठ पसरले तरी काम भागते.

तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा सण, हा तर तयार पाठच. चाकांचा लाकडी बैल घेऊन पोरे दारोदार फिरतात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. शिंग, झूल, वेसण, घुंगरू हे शब्द त्या दिवशी हाताखालून गेलेले असतात. दुसऱ्या दिवशी बैलाची गोष्ट वाचली की मुले स्वतःच पुढचे शब्द सांगू लागतात.

तुरीचे दाणे, चिंचोके लहानग्यांच्या नाकातोंडात जातात, म्हणून मोठे माणूस जवळ हवेच. फवारणी झालेल्या शेतातले बोंड आणू नये. आणि गुंजा दिसायला कितीही सुरेख असल्या तरी त्यांची बी विषारी असते. ती खेळाच्या सामानात घालूच नये.