निम्मं शिक्षण वर्गात, निम्मं बाहेर : सातारा-सांगलीची पार्श्वभूमी

मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एक टिपण काढलं. विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता येईल आणि उरलेला ६० टक्के वर्गात, असा त्याचा गाभा. त्याआधी २९ जुलै २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मिश्र पद्धतीचा उल्लेख होताच. तेव्हापासून ‘ब्लेंडेड लर्निंग’, म्हणजे मिश्र शिक्षण, हे सातारा-सांगलीच्या कॉलेजांतल्या स्टाफरूमपासून कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलींपर्यंत सगळीकडे ऐकू येतं आणि बहुतेकांचा समज असा, की हे सगळं कोरोनाने आणलं.

या दोन जिल्ह्यांपुरतं तरी ते खरं नाही. शिकवणारा एका ठिकाणी, शिकणारा दुसऱ्या ठिकाणी आणि मधे टपाल, रेडिओ किंवा पडदा, हा प्रकार इथे दोन-तीन पिढ्या चालत आलाय. साधन दर वेळी बदललं. साधनाशेजारी बसून ‘कळलं का रे?’ असं विचारणारं माणूस कधी होतं, कधी नव्हतं, आणि माझ्या मते प्रत्येक प्रयोग तरला किंवा बुडाला तो यावरच.

मूळ अडचण होती अंतराची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा खेड्यातल्या पोरांना इंग्रजी शाळा म्हणजे दहा-वीस मैलांची गोष्ट होती. भाऊरावांनी यावर काढलेला तोडगा सरळ होता: शाळा पोराकडे जात नसेल तर पोराला शाळेजवळ आणा. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झालं आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. पुढे ‘कमवा आणि शिका’ आलं. दिवसाचा काही भाग शेतात, बांधकामावर आणि काही भाग वर्गात. शिक्षण म्हणजे फक्त चार भिंतींतले तास नव्हेत, हे साताऱ्याला कुठल्या परिपत्रकातून कळलेलं नाही.

दुसरा तोडगा शिक्षण माणसापर्यंत नेण्याचा. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने मराठी मुलखातल्या १५० गावांत शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी रेडिओवर शेतीचा, गावाच्या कामाचा कार्यक्रम लागायचा. पण नुसता ऐकून उठायचं नाही. गावातले वीसेक जण मंडळ करून एकत्र बसायचे, कार्यक्रम संपला की त्यावर बोलायचे, शंका लिहून केंद्राकडे धाडायचे आणि पुढच्या भागात त्यांची उत्तरं यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने नंतर या गावांची इतर गावांशी तुलना केली. त्यात काही गावं अशी होती जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हतं. शिकले ते मंडळवाले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तसा फरक पडला नाही. मिश्र शिक्षणाविषयी आज सेमिनारांत जे सांगतात त्यातलं निम्मं तरी या निष्कर्षात आहे, आणि तोही आपल्याच भाषेतल्या कार्यक्रमांवरून काढलेला.

या प्रयोगापाठोपाठ, १९५९ मध्ये, सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि मग राज्यभर गेली. तिच्यात यंत्र काहीच नव्हतं. प्राथमिक शिक्षक, कंदील, पाटी आणि दिवसभर राबून आलेली प्रौढ माणसं. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं आणि कृष्णाकाठच्या घराघरांत आपल्या बोलीतला आवाज आला. पण एकीकडची मंडळं आणि दुसरीकडचा आवाज यांची पुन्हा तशी गाठ कोणी घातली नाही.

दरम्यान कॉलेजात न जाता पदवी घेणाऱ्यांची एक रांग तयार होत होती. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, सातारा आणि सांगली त्याच्या कक्षेत आले. ‘एक्स्टर्नल करतोय’ हे वाक्य पुढची अनेक वर्षं गुरुजींच्या, ग्रामसेवकांच्या, साखर कारखान्यातल्या क्लार्कच्या तोंडी असायचं. फॉर्म भरायचा, गाइड आणायचं, परीक्षेला बसायचं. यात शिकवणारं कोणी नव्हतंच. याला दूरशिक्षण म्हणायचं तर ‘दूर’ होतं, शिक्षणाचं ज्याने-त्याने बघायचं.

परदेशातली वाट थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये १८४० मध्ये आयझॅक पिटमन पोस्टाने लघुलिपी शिकवत होते आणि विद्यार्थ्यांचे कागद तपासून परत पाठवत होते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये ‘प्लेटो’ ही संगणकावरची शिकवणी सुरू झाली. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये स्थापन झालं. तिथे घरपोच पुस्तकं, बीबीसीवरचे कार्यक्रम आणि जवळच्या गावात शिक्षकाची भेट असा तिहेरी गोफ होता. जगभरच्या मुक्त विद्यापीठांनी नमुना उचलला तो हा.

आपल्याकडे तो १ जुलै १९८९ ला आला, नाशिकला. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ज्यांचं नाव दिलं ते देवराष्ट्र्याचे. त्यांच्या जन्माच्या वेळी, १९१३ मध्ये, ते गाव सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीच्या कडेगाव तालुक्यात आहे. त्यांचं शालेय शिक्षण झालं कराडला. पहिले कुलगुरू राम ताकवले आणि ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. ज्यांची शाळा दहावीच्या आतच सुटली होती त्यांच्यासाठी ‘पूर्वतयारी’ नावाचा शिक्षणक्रम ठेवला, तो पार पाडला की थेट बी. ए.च्या वाटेला लागता यायचं. आमच्या भागात शाळा सुटायची कारणं काय हे वेगळं सांगायला नको. बापाचं आजारपण, पोरीचं लग्न, दुष्काळ, ऊसतोड.

मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र म्हणजे वेगळी इमारत नव्हे. नेहमीच्याच कॉलेजातल्या एक-दोन खोल्या, त्याही सुट्टीच्या दिवशी. रविवारी सकाळी एसटीने आलेली माणसं बाकावर बसायची. तिशीतली अंगणवाडीताई, रात्रपाळी करून थेट आलेला कामगार, शेजारी आपल्या मुलाच्या वयाचा पोरगा. पिशवीत विद्यापीठाची जाड पुस्तकं. त्या पुस्तकांची रचनाच अशी होती की वाचणारा एकटा आहे हे धरून लिहिलेली: मधेमधे प्रश्न, समोर मोकळी जागा, शेवटी उत्तरं. शिकवणाऱ्याला प्राध्यापक म्हणायचे नाहीत, समंत्रक म्हणायचे. त्याने धडा पहिल्यापासून वाचून दाखवायचा नसे, घरी वाचताना जे अडलं तेवढं सोडवायचं. सगळीकडे असंच व्हायचं असं नाही. कित्येक केंद्रांवर समंत्रक सरळ नोट्स सांगायचे आणि विद्यार्थ्यांनाही तेच हवं असायचं. पण ‘धडा घरी, चर्चा वर्गात’ ही कल्पना कागदावर पक्की होती. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका शाळेतल्या दोन रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ च्या सुमारास व्हिडिओ घरी आणि सराव वर्गात असं सुरू केलं आणि ‘फ्लिप्ड क्लासरूम’ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. फलटणच्या किंवा तासगावच्या रविवारच्या बाकावर बसलेल्या कोणाला त्यात फार नवल वाटलं नसतं.

शाळांसाठी टीव्हीचा प्रयोग त्याआधीचा. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली आणि तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागू लागले. कार्यक्रम चांगले होते, त्या पिढीला अजून आठवतात. पण कार्यक्रमाची वेळ आणि शाळेचं वेळापत्रक जुळायचं नाही, वीज असेलच असं नाही, आणि शाळेला मिळालेला संच पुष्कळ ठिकाणी मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलपाआड असायचा, कारण बिघडला तर जबाबदारी कोणाची? २०१७ मध्ये ही संस्था बंद झाली. तीन वर्षांत असं काही घडलं की तिची आठवण सगळ्यांना झाली.

२००१ मध्ये एमकेसीएल (महाराष्ट्र ज्ञान महामंडळ) आली आणि तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाची केंद्रं तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत पोचली. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागायचं म्हणून गर्दी झाली हे खरं. तरी शिकवायची तऱ्हा बघण्यासारखी होती: पडद्यावरचा आवाज धडा सांगतो, मूल माऊस हलवतं, आणि अडलं की मागून फिरणारे सर किंवा मॅडम पुढे होतात. मिश्र शिक्षण फीसकट आणि वेळेवर चालू शकतं हे या भागातल्या पुष्कळांनी पहिल्यांदा पाहिलं ते या केंद्रांत.

मग ‘डिजिटल शाळे’ची लाट. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, एलईडी टीव्ही, टॅब आले, फीत कापली, फोटो छापून आले. वीजबिल कोण भरणार हा प्रश्न फोटोत येत नाही. याच काळात सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळांची राज्यभर चर्चा होती, आणि ती पडद्यामुळे नव्हती. तिथे वर्गाच्या फरशीवर रंगाने तक्ते, अंक, शब्द आखले होते, मुलं गटागटाने खाली बसून आपापलं शिकायची आणि शिक्षक मधून फिरायचे. दूरदूरचे शिक्षक ते बघायला यायचे. कित्येक जण परत जाऊन फक्त फरशी रंगवून थांबले हा भाग वेगळा. माझ्या लेखी या दोन घटना शेजारी ठेवून बघायच्या आहेत. सांगण्याचं काम यंत्राकडे गेलं तर शिक्षकाने वर्गात करायचं काय, याचं उत्तर कुमठ्यात मिळत होतं आणि टीव्ही खरेदी करणाऱ्या बहुतेकांनी तो प्रश्न विचारलाच नव्हता.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे टीव्ही पहिल्यापासून उपयोगी पडला: पाटण, जावळीच्या डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळा. एका गुरुजींकडे दोन इयत्ता. तिसरीला टीव्हीवर कविता लावून द्यायची, तोवर दुसरीची हातच्याची वजाबाकी घ्यायची, मग वळून तिसरीला कवितेवर प्रश्न विचारायचे. याला कोणी शास्त्रीय नाव दिलेलं नाही. गरजेतून आलेली सोय आहे.

पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. ५ सप्टेंबर २०१७ ला केंद्राने ‘दीक्षा’ हा ऑनलाइन अभ्याससाहित्याचा मंच सुरू केला. क्यूआर कोडची कल्पना शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी आपल्या शाळेत रुजवली होती, आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. म्हणजे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा सामान तयार होतं.

तयार नव्हता तो दुसरा अर्धा भाग, साधनाशेजारचं माणूस. ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ अशी मोहीम निघाली, रोज व्हॉट्सॲपवर अभ्यासमाला यायची. पण घरात फोन एक, आणि तो दिवसभर बापाच्या खिशात, एमआयडीसीत किंवा रानात. तो संध्याकाळी यायचा, मग मोठ्या बहिणीची बारावी आधी, धाकट्याची चौथी नंतर. कोयनेच्या पाणलोटापलीकडच्या वाड्यांत तर फोन असून रेंज नाही. पोरं टेपावर, झाडाखाली, एका ठरलेल्या दगडावर बसायची, कारण तिथेच दोन काड्या यायच्या. सोडवलेल्या गणिताचा फोटो काढून पाठवायचा आणि समोरून अंगठा यायचा. अंगठ्यावरून गणित बरोबर की चूक ते कळत नाही. सांगली जिल्ह्यातल्या, कर्नाटकाच्या सीमेवरच्या जतच्या कन्नड माध्यमाच्या मुलांना मराठी अभ्यासमालेचा उपयोग किती, हेही विचारण्यासारखं होतं.

२० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागू लागली. पहिली ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांवर बेतलेली, पण धडा वाचून दाखवणारी नव्हे, घरात-परसात करून बघायची. बालचित्रवाणी बंद होऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हा जी यंत्रणा मोडली ती आता घाईघाईने, दुसऱ्यांच्या हातून, नव्याने उभी करावी लागली. आणि गावोगावचे शिक्षक आपणहून बाहेर पडले. पारावर, देवळात, ओट्यावर पाच-सहा पोरं गोळा करून बसू लागले. मास्क लावलेले गुरुजी, मधे अंतर ठेवून बसलेली मुलं, आदल्या रात्रीच्या व्हिडिओतलं काय अडलं ते विचारणं. १९५६ च्या त्या श्रोतृमंडळांशी याचं नातं किती जवळचं आहे हे तिथे बसलेल्यांपैकी कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

शाळा पुन्हा भरल्या आणि उलटी तक्रार सुरू झाली. अभ्यासासाठी हातात दिलेला फोन आता सुटेना. १५ ऑगस्ट २०२२ पासून कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. देशभर बातम्या झाल्या. हे गाव तंत्रज्ञानाच्या विरोधात गेलं असं काहींनी लिहिलं. मला ते पटत नाही. त्या दीड तासात आईबापही पडद्यापासून उठतात, मुलाच्या शेजारी कोणीतरी असतं. दोन वर्षांत जो भाग गळला होता तो गावाने ठराव करून परत आणला, एवढंच.

कॉलेजांचं चित्र वेगळं आहे. ‘स्वयम्’ या केंद्राच्या ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम २०१७ पासून आहेत आणि २०२१ पासून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) तिथून घेता येतात. त्याच वर्षी साताऱ्यात रयतची तीन महाविद्यालयं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. वायफाय, स्मार्ट बोर्ड, गुगल क्लासरूम बहुतेक ठिकाणी आहे. पण अनुदानित कॉलेजांत जागा रिकाम्या आहेत आणि पुष्कळ वर्ग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या अंगावर आहेत. त्यांना मानधन मिळतं ते वर्गात घेतलेल्या तासाचं. घरी बसून व्हिडिओ तयार केला, रात्री दहाला ग्रुपवर आलेल्या शंकांना उत्तरं दिली, अठ्ठावीस गृहपाठ पडद्यावर तपासले, तर तो वेळ महिनाअखेरच्या बिलात लिहायला रकाना नाही.