पडद्याआडचे कान

जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग १९८७ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यातली सगळ्यात दुखरी गोष्ट सांगा, असं त्याने लोकांना सांगितलं. काहींनी ती एकट्याने टेपरेकॉर्डरसमोर बोलायची, काहींनी पडद्याआड गप्प बसलेल्या माणसापुढे. बोलताना त्यांच्या त्वचेतून वीज किती सहज वाहते हे मोजलं जात होतं. मनावर ताण आला की तळहाताच्या घामग्रंथी जाग्या होतात, घाम खारट असतो, आणि खाऱ्या पाण्यातून वीज चांगली वाहते. जे मोकळेपणी, अगदी आतलं बोलले त्यांच्या बाबतीत हा आकडा खाली आला. गोष्ट दाबून ठेवणं हे शरीराला सतत करावं लागणारं काम आहे, असा पेनेबेकरचा तर्क होता. पण पडद्याआड माणूस आहे म्हटल्यावर लोक जपूनच बोलले.

हा पडदा बेळगाव-खानापूरकडच्या कॅथलिकांना नवा नाही. उपवासकाळात, ईस्टरच्या आधी, देवळात कुमसाराला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला, रांग लागते. लाकडी जाळीच्या अलीकडे गुडघे टेकलेला माणूस, पलीकडे फादर. ही जाळीची पेटी मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी सोळाव्या शतकात रूढ केली. वर्षातून एकदा तरी कुमसार करायचा, हा नियम त्याहून जुना, १२१५ सालच्या लॅटरन धर्मसभेचा. ऐकलेलं कुठेही बोलायचं नाही, हे बंधन फादरवर इतकं कडक आहे की मोडलं तर थेट धर्मबहिष्कार. तरीही फेस्ताला, म्हणजे देवळाच्या सणाला, परगावचे फादर आले की त्यांच्यापुढची रांग लांब असते. यात अश्रद्धा काही नाही. जो फादर उद्या आपल्या घरी चहाला येणार, त्याला सगळं सांगणं जड जातं, एवढंच.

आता बोलण्याने बरं वाटतं म्हणजे नक्की काय होतं? १९८६ साली पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बील यांनी कॉलेजातल्या मुलांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. कुणी किरकोळ विषयावर लिहिलं, कुणी आघाताचे नुसते तपशील, कुणी नुसत्या भावना, कुणी दोन्ही. दोन्ही लिहिणारी मुलं उठताना उदास होती, त्यांचा रक्तदाबही चढलेला होता. पण पुढच्या सहा महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्याच्या फेऱ्या त्यांच्याच कमी झाल्या. नुसतं भडाभडा ओकून टाकल्याने काम होत नाही. काय घडलं आणि त्याचं आपल्याला काय वाटलं, हे एकत्र मांडावं लागतं. कुमसाराआधी ‘अंतःकरणाची झडती’ घ्यायला सांगतात ती मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. माणूस गुडघे टेकण्याआधीच गुंत्याचा धागा सरळ करायला लागलेला असतो.

पण यावरून चमत्काराचे ढोल वाजवू नयेत. अशा १४६ अभ्यासांची एकत्र छाननी २००६ साली झाली, तेव्हा फायदा खरा पण छोटा निघाला. बीपीची गोळी चालूच ठेवायची.

गुपिताबद्दल आपला एक ठाम समज असतो, की ते दुसऱ्यापासून लपवताना त्रास होतो. कोलंबिया विद्यापीठातले मायकेल स्लेपियन यांना वेगळंच दिसलं. लपवायचा प्रसंग क्वचित येतो. एरवी भांडी घासताना, एसटीत बसल्यावर, मन आपलं आपण त्या गोष्टीकडे वळत राहतं, आणि त्रास त्या वळण्याचा असतो. कुणाला सांगून आधार मिळाला की ते वळणं कमी होतं. ऐकणारा कसा हवा, यावरही त्यांनी काम केलं आहे: कनवाळू हवा, आणि ‘आता हे कर’ असं सुचवणारा हवा.

अर्धवट कबुलीचा मात्र उलटा परिणाम होतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नाणेफेकीच्या खेळात थोडी लबाडी करून पैसे मिळवायची सोय ठेवली होती. ‘लबाडी केली, पण थोडीच’ म्हणणाऱ्यांना पूर्ण कबूल करणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं आणि अजिबात कबूल न करणाऱ्यांपेक्षाही.

इकडच्या मेथडिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाच्या, घरांत जाळी नाही, फादरही नाही. बेळगावात लंडन मिशनने सुरू केलेलं काम पुढे मेथडिस्टांकडे आलं. त्यांच्या पंथाचे मूळपुरुष जॉन वेस्ली यांनी १७३८ साली छोट्या मंडळींचे नियम लिहिले: आठवड्यातून एकदा जमायचं आणि मागच्या भेटीनंतर कोणतं पाप घडलं हे एकमेकांना सांगायचं. आधार बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा. बरे व्हावे म्हणून एकमेकांजवळ पापं कबूल करा, असं तिथे म्हटलं आहे. हे चार विश्वासू माणसांत पेलतं. सगळ्या मंडळीपुढे कुणाला उभं करून वदवून घेणं हा वेगळाच प्रकार. आघातानंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलायला लावण्याच्या पद्धतीची तपासणी झाली आहे. फायदा दिसला नाही, काहींचा त्रास उलट वाढला. आणि जिथे कुणावर अत्याचार झाला आहे तिथे प्रार्थनेच्या खोलीत प्रकरण मिटवणं हा गुन्हा झाकणंच आहे.

आपल्या भागात मला सगळ्यात कुतूहल आहे ते भाषेचं. आजी कोंकणीत रागावलेली, शाळा मराठीत झालेली, तालुका ऑफिसात कन्नड लागतं, कॅम्पात मिस्सा (देवळातली उपासना) इंग्रजीत. मग पाप कोणत्या भाषेत सांगायचं? २००३ साली बोस्टनमध्ये कॅथरीन हॅरिस यांच्या गटाने मूळच्या तुर्कीभाषक, मागाहून इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या घामाची अशीच मोजणी केली. लहानपणी आईबाप ओरडतात तसली, ‘लाज नाही वाटत?’ छापाची वाक्यं तुर्कीत ऐकली की आकडा चढायचा, इंग्रजीत तेवढा नाही. इंग्रजीत कुमसार करणारी आपली कॉलेजातली मुलं सोपी वाट धरतात, असं मी यावरून म्हणेन. सुरुवात करायला ती वाट चांगलीच. पण जे बोचतं ते बहुधा आजीच्या भाषेतच साठलेलं असतं.

राहिलं प्रायश्चित्त. तेव्हा क्वीन्सलँड विद्यापीठात असलेल्या ब्रॉक बॅस्टियन यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना आधी आपण कुणाला तरी झिडकारल्याची आठवण लिहायला लावली, मग हात बर्फाच्या पाण्यात घालायला सांगितला. त्यांनी इतरांपेक्षा जास्त वेळ हात आत ठेवला, आणि बाहेर काढल्यावर त्यांची अपराधी भावना उतरली होती. ज्याला झिडकारलं त्याला मात्र यातून काहीच मिळालं नाही. समजा, एकाने उसाच्या शेतात भावाचा बांध दर नांगरणीला वीतभर कोरला. गुडघे दुखेपर्यंत ‘नमान मारिये’ ही मारियामातेची प्रार्थना म्हणून त्याला हलकं वाटेलही. कॅथलिक शिकवण तिथे थांबत नाही: पापाची क्षमा झाली तरी झालेलं नुकसान भरून द्यावंच लागतं. म्हणजे मोजणीचा अर्ज, भूमापकाची तारीख, आणि त्या दिवशी भावाला समोर उभं राहून सांगणं की दगड कुणी हलवला होता. इथे जाळी नसते.