बॉलवरचा भार आणि रिकामा हौदा

मे महिन्यातली सकाळ. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या उत्तरेला दीडेकशे किलोमीटरवर मिल लॅक्स नावाचं अफाट तळं आहे, त्याच्या काठावरचा सिमेंटचा उतार. वॉलाय माशाचा हंगाम नुकताच उघडलेला, त्यामुळे बोटी पाण्यात सोडणाऱ्यांची आणि काढणाऱ्यांची रांग लागलेली. आमच्या पुढच्या पिकअपवाल्याने बोट ट्रेलरवर चढवून घेतली, गिअर टाकला, आणि मागची दोन्ही चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. जळक्या रबराचा वास सुटला, शेवाळ्यावर काळे ओरखडे उठले. गाडी वर तर येईनाच, उलट वीतभर पाण्याकडे सरकली.

"दादा, एवढं दांडगं धूड, आणि अडलं कसं रे?" माझ्या मामेभावाने विचारलं. तो नुकताच इथे राहायला आलेला, बोट आधीच पसंत करून बसलेला आणि आता ट्रक शोधत होता. इथे ट्रक म्हणजे आपला दहा टायरी नव्हे. पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा, अशी पिकअप. दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी असलेल्या या राज्यात ती दारोदारी दिसते. उन्हाळ्यात तीच बोट ओढते, हिवाळ्यात तीच बर्फातून ऑफिसला नेते.

ते धूड का अडलं, हे कागदावर मांडता येतं. अठरा फुटी ॲल्युमिनियमची बोट, तिचं इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर मिळून १,६०० किलो धरा. ट्रक २,३०० किलोचा. उतार १४ टक्क्यांचा, म्हणजे शंभर फुटांत चौदा फूट चढ. बोटींच्या धक्क्यांचे उतार साधारण असेच असतात. ३,९०० किलोंचा हा बोजा खाली ओढतो तो सुमारे ५४० किलोंच्या जोराने. तो पेलायचा कुणी? ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो त्यांनीच. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर जेमतेम ९५० किलो असतात, कारण इंजिन पुढे आणि मागे नुसता पत्रा. ट्रेलर आणि चढ यांच्यामुळे मागे आणखी तीनेकशे किलो येतात. म्हणजे १,२५० किलोंच्या दाबावर ५४० किलोंचा जोर काढायचा, तर घर्षणांक ०.४३ हवा. कोरड्या सिमेंटवर तो ०.७ च्या पुढे असतो, काही अडचण नाही. शेवाळलेल्या ओल्या सिमेंटवर तो ०.३ च्याही खाली घसरू शकतो, आणि मागची चाकं नेमकी पाण्याच्या कडेला, सगळ्यात बुळबुळीत पट्ट्यात असतात.

आता चारही चाकांना जोर द्या. दाब २,४५० किलोंचा (ट्रकचे २,३०० आणि ट्रेलरचा ट्रकवर टेकलेला १५०), ओढ तीच ५४०, लागणारा घर्षणांक ०.२२. अश्वशक्ती एकानेही न वाढवता गरज निम्म्यावर आली. या उतारावर अश्वशक्ती कुणी विचारतच नाही. कुठल्या चाकावर किती वजन आहे आणि त्या चाकाला जोर मिळतो की नाही, एवढंच बघायचं.

जाहिरातीत मात्र मोठ्या अक्षरात असतो तो ओढण्याचा आकडा. होंडा रिजलाइनला ५,००० पौंड, म्हणजे २,२६८ किलो; मोठ्या पिकअपना याच्या दुप्पट-अडीचपट. आकडे खोटे नसतात. अमेरिकेत त्यांची एक ठरलेली चाचणी आहे: ॲरिझोनाच्या वाळवंटात, डेव्हिस धरणाजवळच्या सुमारे १८ किलोमीटरच्या घाटात, ऐन उकाड्यात, एसी पूर्ण चालू ठेवून, बोजा ओढत ठरावीक वेग टिकवायचा. इंजिन आणि गिअरबॉक्स तापून बसतात का, हे त्यात कळतं. उणे वीसला गोठलेल्या चौकात गाडी थांबेल का, हे त्यातून कसं कळणार?

मी भावाला म्हटलं, आधी ड्रायव्हरचं दार उघड. चौकटीवर टायरच्या हवेचं एक लेबल असतं, पिवळी पट्टी असलेलं. माणसं आणि सामान मिळून अमुक किलोंच्या वर जाता कामा नये, असं त्यावर त्या विशिष्ट गाडीचं लिहिलेलं असतं. समजा ६०० किलो. चार मोठी माणसं ३२० किलो, बर्फाची पेटी, गळ, अवजारं मिळून ८० आणि ट्रकच्या मागच्या ज्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, ट्रेलर टेकतो त्या बॉलवरचे १५०. उरले ५०. काचेचं छत आणि गरम होणाऱ्या गाद्या असलेल्या महागड्या मॉडेलात या लेबलावरचा आकडा अनेकदा घटतो, कारण त्या चैनीलाही वजन आहे. ओढण्याचा आकडा संपायच्या कितीतरी आधी हा आकडा संपतो.

ते बॉलवरचे १५० किलो हवेतच. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. ट्रेलरचंही तेच, फक्त इथे वेग ताशी शंभर किलोमीटरचा. एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा बॉलवर असावा. बोटीचं इंजिन पार मागे असल्याने काही ट्रेलर त्याहून थोड्या कमी भारावर चालतात. भार फार कमी पडला की ट्रेलर शेपटी हलवू लागतो. वाऱ्याचा झोत आला, ट्रेलर किंचित वळला, त्याचे टायर त्याला सरळ करायला जातात, पण तोवर मागचं जड टोक पलीकडे गेलेलं असतं. कमी वेगात हे हेलकावे आपोआप विरतात. एका ठरावीक वेगाच्या वर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. भार मागे असेल तर तो वेग खाली उतरतो. ट्रकच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असेल तर वर चढतो. म्हणून लांब ट्रक गल्लीत वळवायला वैताग आणतो, पण हायवेवर बोटीच्या पुढे तोच बरा.

ट्रेलरच्या ब्रेकची गंमत सांगायला हवी. बोटीचा ट्रेलर चाकांसकट पाण्यात बुडतो, विजेच्या ब्रेकना ते मानवत नाही. मग ट्रेलरच्या तोंडाशी सरकणारा दट्ट्या असतो. ट्रकने ब्रेक मारला की मागून ट्रेलर त्याच्यावर रेलतो, दट्ट्या आत दबतो, तेलाचा दाब वाढतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. जितका जोराचा रेटा, तितका जोराचा ब्रेक. वायर नाही, बटण नाही.

ऑक्टोबरात बोट ताडपत्रीखाली जाते आणि तोच ट्रक वेगळा प्राणी होतो. मागचे पाटे सहाशे किलो पेलायला बनवलेले, आता त्यांच्यावर काहीच नाही. हौदा हलका, मागची चाकं उड्या मारतात, वळणावर मागचा भाग बाजूला निसटू बघतो. त्यात साधं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअरांची पेटी, दोन्ही चाकांना सारखाच पीळ (फिरवणारा जोर) देतं: एक चाक बर्फावर फिरत राहिलं की त्याला लागतो तेवढाच क्षुल्लक पीळ दुसऱ्या, पक्क्या जमिनीवरच्या चाकाच्या वाट्याला येतो. दोन्ही चाकं एकत्र जखडणारं डिफ लॉक थोडे जास्त पैसे देऊन मिळत असेल, तर गाण्याच्या स्पीकरआधी ते घ्यावं.

चार चाकांच्या जोरातही दोन जाती आहेत. जुन्या, साध्या पद्धतीत पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना ठाम जोडला जातो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात, त्यामुळे कुठेतरी थोडं घसरणं भाग असतं. बर्फावर ते घसरणं फुकट होतं, कोरड्या डांबरावर मात्र सगळी यंत्रणा पिळली जाते आणि पार्किंगमध्ये वळताना गाडी कुथत, गचके देत चालते. मिनेसोटाचा रस्ता जानेवारीत एका फर्लांगात कोरडा, बर्फाळ आणि पुन्हा कोरडा असतो. सारखा खटका मागे-पुढे कोण करणार? मधल्या क्लचने गरजेपुरता जोर पुढे पाठवणारी 'ऑटो' सोय असेल तरच रोजच्या वापराला ट्रक घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एवढं करूनही चार चाकांचा जोर गाडी हलवतो, थांबवत नाही. थांबवायला प्रत्येक गाडीचे चारही ब्रेक असतातच, प्रश्न रबराचा आहे. ताशी ५० किलोमीटरवरून थांबायला कोरड्या डांबरावर १३ मीटर पुरतात. दाबलेल्या बर्फावर, घर्षणांक ०.२५ धरला तर, ३९. गुळगुळीत गोठलेल्या थरावर ९८. ही अंतरं वजनावर अवलंबून नाहीत, मोठा ट्रक घेतला म्हणून कमी होत नाहीत. टायर जमिनीला टेकतो तो दोन तळहातांएवढ्या जागेवर, आणि साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, वर शेकडो बारीक चिरा बर्फाला चावतात. टायरच्या बाजूला तीन शिखरं आणि आत हिमकण असं चिन्ह शोधायचं. नुसतं 'एम' आणि 'एस' (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असणं म्हणजे नक्षी मोकळी आहे, एवढंच. नवख्याला न पटणारी गोष्ट म्हणजे उणे पंचवीसपेक्षा उणे एकचा बर्फ जास्त दगा देतो, कारण गोठणबिंदूजवळ त्याच्यावर पाण्याचा पातळ थर सहज येतो.

मिठाचं थोडक्यात. रस्त्यावर टाकलेलं मीठ उणे नऊच्या खाली मंदावतं, पण चासी खायचं काम चालूच ठेवतं. दर पंधरा दिवसांनी गाडी खालून धुवायची.

भावाने शेवटी मधल्या आकाराचा ट्रक घेतला: ऑटो, डिफ लॉक, कापडी सीटा, आणि वाचलेल्या पैशांत वेगळ्या रिमांवर चढवलेले चार हिवाळी टायर. डिसेंबरात त्याचा फोटो आला. हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर, वाळूची पाच पोती. इथे दुकानात मिळतात तशी, २७ किलोंची एकेक. फाळक्याकडे सरकू नयेत म्हणून मागे आडवी फळी ठोकलेली. पाच पोती म्हणजे १३५ किलो, बॉलवर बोट जेवढी टेकायची जवळजवळ तेवढीच. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, "हिवाळ्यातली बोट."