नेस्टेड लिस्टचे अंकीय ॲरेत रूपांतर

लिस्टच्या आत लिस्ट अशी ठेवलेली आकडेवारी एकसारख्या ओळी-रकान्यांच्या, एकाच प्रकारच्या आकड्यांच्या ॲरेत आणणे म्हणजे हे रूपांतर. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत त्यासाठी सहसा नमपाय ही लायब्ररी वापरतात, तिची १.० आवृत्ती २००६ साली आली. लिस्टमध्ये काहीही कोंबता येते, ॲरेत नाही. बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

उदाहरण सांगलीचे घेऊ. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. समजा, तीन दिवसांच्या नोंदी आहेत, रोज चार. बाहेरच्या लिस्टमध्ये तीन लिस्ट, प्रत्येकीत चार आकडे. ती नमपायच्या ॲरे फंक्शनला दिली की (३, ४) शेपचा, म्हणजे तीन ओळी आणि चार रकान्यांचा, ॲरे मिळतो. कराडच्या नोंदी तशाच जोडल्या तर शेप (२, ३, ४) होतो: ठिकाण, दिवस, नोंद.

रूपांतराआधी एक खोच. पातळी फूट-इंचात सांगतात. ३९ फूट १० इंच कुणी ३९.१० असे टाइप केले, तर संगणकाला ते ३९.१ दिसते, म्हणजे १ इंचाची नोंद आणि १० इंचांची नोंद एकच होऊन बसते. इंचांना १२ ने भागून फुटांत मिळवावे. ३९ फूट १० इंच म्हणजे सुमारे ३९.८३.

आता नेहमीचा घोटाळा. एका दिवशी तीनच नोंदी असल्या की ओळी लहानमोठ्या होतात. जुन्या आवृत्त्या अशा वेळी मुकाट्याने ऑब्जेक्ट प्रकारचा (आकड्यांऐवजी तीन अख्ख्या लिस्ट धरून ठेवणारा), (३,) शेपचा ॲरे देत आणि बेरीज-सरासरी पुढे कुठेतरी अडायची. १.१९ पासून त्यावर इशारा येऊ लागला आणि १.२४ पासून सरळ व्हॅल्यू एरर येते. एररच्या मजकुरात ‘इनहोमोजीनिअस शेप’ असे शब्द असतात. बरे झाले. आधी प्रत्येक आतल्या लिस्टची लांबी मोजून त्या लांब्यांचा सेट (एकसारखी मूल्ये एकदाच ठेवणारा संच) करावा. सेटमध्ये एकाहून जास्त आकडे दिसले तर दोष तिथेच शोधावा.

उपाय म्हणून पुष्कळजण (३, ४) शेपचा, सगळीकडे नॅन (‘आकडा नाही’ अशी खूण) भरलेला ॲरे करून त्यात एकेक ओळ डावीकडून भरतात. चुकलेली नोंद शेवटची असेल तर ठीक. दुपारची चुकली असेल तर संध्याकाळचा आकडा दुपारच्या रकान्यात सरकतो, आणि एररही येत नाही. म्हणून मूळ लिस्टमध्येच त्या जागी नन (पायथनमधले ‘काहीच नाही’) ठेवावे. प्रकार फ्लोट (दशांश आकडा) असा सांगितला की नमपाय त्याचे नॅन करते. न सांगितल्यास ॲरे ऑब्जेक्ट प्रकारचा होतो. शून्य तर अजिबात भरू नये, सरासरी खाली ओढली जाते. नॅन असताना साधी सरासरीही नॅनच येते, तिथे नॅन वगळून सरासरी काढणारे नॅनमीन वापरावे. नॅन ४५ हून जास्त आहे का असे तपासले तर उत्तर ‘फॉल्स’ (नाही) येते. त्याचा अर्थ पाणी धोक्याच्या खाली आहे असा नव्हे.

एका जागी ‘-’ असे चिन्ह राहिले आणि प्रकार सांगितला नसेल, तर सगळा ॲरे मजकुराचा होतो आणि क्रम लावल्यावर ‘९.५’ हे ‘४०’ च्या नंतर येते. डीटाइप (ॲरेतल्या आकड्यांचा प्रकार) फ्लोट दिला असता तर तिथल्या तिथे एरर आली असती. उलट सगळे आकडे पूर्णांक असतील तर ॲरे पूर्णांकाचा होतो. त्यात नंतर ४०.७५ ठेवले की ४० उरतात, बाकीचे गुपचूप गळून पडतात.

६४-बिट पायथनच्या लिस्टमध्ये एका दशांश आकड्याला साधारण ३२ बाइट लागतात (८ पत्त्याचे, २४ आकड्याचे), ॲरेत ८. ॲरे ही वेगळी प्रत असते. मागाहून लिस्ट बदलली तरी तो बदलत नाही. लूपमध्ये नमपायचे अपेंड (शेवटी जोडणारे फंक्शन) वापरू नये, दरवेळी सगळा ॲरे नव्याने कॉपी होतो. नोंदी लिस्टमध्ये साठवाव्यात आणि शेवटी एकदाच रूपांतर करावे.