ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार: गोळी, नेम आणि अंतराचा वाद

अमेरिकेत ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या, बंदुकीने हरीण मारण्यावरून आज जे वाद होतात, त्यांतले बहुतेक १९८५ नंतरचे आहेत. त्या वर्षी मिसुरीतल्या एका बंदूक कारागिराने ‘इनलाइन’ म्हणून ओळखली जाणारी बंदूक बाजारात आणली. तोवर घोडा नळीच्या कडेला असायचा आणि ठिणगी वळण घेऊन दारूपर्यंत पोचायची. आता केप, म्हणजे आघात होताच ठिणगी देणारी छोटी टोपी, दारूच्या थेट मागे, नळीच्याच रेषेत बसली. तशी कल्पना आधीही काहींनी करून पाहिली होती, पण खपली ती ही. बार फुसका जाण्याचे प्रमाण घटले, ओल्या हवेची धास्ती कमी झाली आणि वर दुर्बीण बसवणे सोपे झाले.

या बंदुकीला गिऱ्हाईक मिळाले ते आधीच आखून ठेवलेल्या खास हंगामांमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या शेपटीची हरणे देशभरात पाच लाखांच्या आसपास उरली असावीत असा अंदाज आहे. बाजारासाठीची शिकार थांबली, बंदीचे हंगाम आले आणि कळप पुन्हा वाढले. मग राज्यांनी ठासणीच्या बंदुकीसाठी वेगळे दिवस राखायला सुरुवात केली. पेनसिल्व्हेनियाने १९७४ मध्ये फक्त चकमकीच्या (गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणाऱ्या) बंदुकीचा हंगाम सुरू केला. हिशेब सरळ होता: एकच बार, पुन्हा भरायला निदान अर्धा मिनिट, धुरात पुढचे काही दिसत नाही, मरणारी हरणे कमी, म्हणून शिकाऱ्यांना जादा दिवस देता येतात. त्याआधी, १९६८च्या केंद्रीय कायद्याने जुन्या धाटणीच्या बंदुका ‘फायरआर्म’च्या व्याख्येबाहेर ठेवल्या होत्या. त्यामुळे त्या टपालानेही मागवता येत. हा खप वाढण्यामागचा मोठा भाग होता. परंपरेच्या ओढीचा गाजावाजा मात्र जास्त झाला.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. अठराव्या शतकातली पेनसिल्व्हेनियाची लांब रायफल बारीक बोराची, म्हणजे नळीच्या आतल्या बारीक व्यासाची, असे, कारण रानात शिसे पुरवून वापरावे लागे. .४५ इंच बोराची गोल गोळी साधारण १२८ ग्रेनची (सात हजार ग्रेनचा एक पौंड), म्हणजे पौंडभर शिशात चोपन्न गोळ्या. पश्चिमेकडे मोठी जनावरे भेटू लागली तशी बोरे .५० आणि .५४ वर गेली. मग १८४०च्या दशकात फ्रान्समध्ये पोकळ बुडाची लांबट गोळी तयार झाली. आपल्याकडे १८५७ साली एनफिल्डच्या काडतुसावरची चरबी गाजली. त्या काडतुसात याच जातीची गोळी होती. गंमत म्हणजे त्यानंतरही मध्य प्रांतात नोकरी केलेला एक ब्रिटिश लष्करी अधिकारी, शिकारीसाठी मोठ्या बोराची गोल गोळीच बरी, असे हिरिरीने मांडत होता. त्याचे म्हणणे जवळच्या अंतरापुरते खरेच होते.

गोल गोळीचे गणित कागदावर केविलवाणे दिसते. .५० बोरातली गोळी १७७ ग्रेनची. नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला १,८०० फुटांच्या घरात, पण गोल आकार हवेत फार लवकर मंदावतो आणि शंभर यार्डांवर वेग हजाराच्या आसपास उतरतो. म्हणजे ऊर्जा एक तृतीयांशाहून कमी उरते. तरीही पन्नास-पाऊणशे यार्डांवर फुप्फुसात बसली तर हरीण फार लांब जात नाही. मऊ शिसे आत शिरताच चपटे होते आणि रुंद वाट पाडते. खोट एवढीच, की ती पुष्कळदा पलीकडच्या कातड्याखाली अडकते. बाहेर पडायचे भोक नसले की रक्त आतच साचते आणि माग उशिरा लागतो.

म्हणून जुन्या पद्धतीत नेमाचे नियम कडक होते. हरीण आडवे उभे हवे. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या तळापासून तिसऱ्या भागाएवढे वर, म्हणजे गोळी दोन्ही फुप्फुसांतून जाते आणि फऱ्याचे, म्हणजे खांद्याचे, जाड हाड टळते. हरीण मागून तिरके असेल तर पलीकडचा पुढचा पाय मनात धरून नेम. समोरून तोंड करून उभे असेल तर बार टाकायचाच नाही. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत जाणवण्याइतका वेळ जातो, त्यामुळे चाप ओढल्यावरही नेम धरून ठेवावा लागतो. बार झाल्यावर आधी बंदूक पुन्हा भरायची, मग हरीण उभे होते ती जागा शोधायची. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, गडद तांबडे म्हणजे बहुधा यकृत, आणि हिरवट घाण दिसली तर पोट. तेव्हा कित्येक तास मागावर जायचे नाही. हरीण उठवले तर ते हातचे जाते.

इनलाइनबरोबर हे सगळे बदलायला लागले ते ‘सेबो’मुळे. सेबो म्हणजे गोळीभोवतीची प्लास्टिकची वाटी, जी नळीबाहेर पडताच गळून जाते. तिच्यामुळे .५० बोरातून पिस्तुलाची .४४ किंवा .४५ची, २४० ते ३०० ग्रेनची गोळी मारता येऊ लागली. नळीतल्या खाचांचा पीळही बदलला: गोल गोळीला साठ-सहासष्ट इंचांत एक फेरा पुरतो, सेबोसाठी अठ्ठावीस इंचांत एक असा दाट पीळ आला. पुढे दारूच्या तयार वड्या आल्या आणि तीन वड्यांच्या ‘१५० ग्रेन’ बाराची जाहिरात सुरू झाली.

अडचण गोळीत होती. पिस्तुलाची पोकळ तोंडाची गोळी सेकंदाला बाराशे-चौदाशे फुटांसाठी घडवलेली; तिला एकोणीसशे-दोन हजारांनी फेकले आणि ती तीस यार्डांवर फऱ्यावर आदळली की फुटून वरवरची जखम करते. उलट जाड कवचाची गोळी दीडशे यार्डांपलीकडे न उमलता आरपार जाते, बारीक भोक पाडून. दोन्हींत हरीण जखमी होऊन निघून जाते. त्यानंतर आलेल्या निखळ तांब्याच्या गोळ्यांनी हे बरेच सावरले: तोंडाच्या पाकळ्या उघडतात, वजन जवळपास सगळे टिकते, बहुतेक वेळा आरपार जातात. फऱ्यावर नेम धरण्याची सवय तेव्हा रुजली.

कोलोरॅडोचा निर्णय याच पार्श्वभूमीवर पाहायला हवा. तिथे ठासणीच्या हंगामात वर्षानुवर्षे सेबो, वड्या आणि दुर्बीण यांना बंदी राहिली. लांबट गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या दुपटीहून जास्त नको. हरणासाठी निदान .४० बोर, एल्क या हरणाच्याच कुळातल्या मोठ्या जनावरासाठी .५०. .५० पर्यंतच्या बोराला गोळी किमान १७० ग्रेनची, त्यावरच्या बोराला २१०. हे आकडे हवेतून आलेले दिसत नाहीत. .५० ची गोल गोळी १७७ ग्रेनची, .५४ ची २२४. दोन्ही जेमतेम वर बसतात,.४५ ची बाहेर पडते. ओरेगन आणि आयडाहोनेही अशाच वाटेने जाऊन केप उघडी असण्याचा आग्रह धरला. विरोधकांचा मुद्दा असा, की जी गोळी स्वच्छ मारते तीच बंद करून जखमी हरणे वाढवली जातात. मुद्दा पोकळ नाही. पिकलेल्या डोळ्यांना उघड्या माशीवर (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर) शंभर यार्ड जड जातात, हेही खरे. पण या युक्तिवादात अंतर गुपचूप धरलेले असते. साडेतीनशे-चारशे ग्रेनची साधी शिशाची लांबट गोळी ऐंशी यार्डांवर हरणाच्या दोन्ही फुप्फुसांतून जाते आणि दोन भोके ठेवते. सेबोची गरज दोनशे यार्डांवर पडते, आणि दोनशे यार्डांसाठी हे जादा दिवस दिलेलेच नव्हते. मारा वाढला की मरणारी हरणे वाढतात, मग परवाने कापले जातात. त्याचा फटका गोल गोळीवाल्यालाही बसतो.

पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांनी दुर्बीण, वड्या, सेबो सगळे मोकळे केले. मिसिसिपीने तर याच हंगामात .३५ आणि त्यावरच्या बोराच्या, उघड्या घोड्याच्या, मागून काडतूस भरायच्या एकबारी रायफलीही चालवून घेतल्या. ठासायचे कामच उरले नाही.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही वन्यजीवाच्या शिकारीत शिशाची गोळी चालत नाही, आणि त्यातून ठासणीच्या बंदुकीलाही सूट नाही. मऊ शिशाच्या गोल गोळीचे सगळे गुण तिच्या मऊपणात. त्याऐवजी मिळणारे मिश्रधातू कडक, ते तसे चपटे होत नाहीत. तांब्याच्या गोळ्या आहेत, पण त्या बहुतांश सेबोतूनच मारायच्या. म्हणजे कोलोरॅडोत सेबोची जी वाटी बंदी घातलेली, ती इथे शिकाऱ्याला जवळपास घ्यावीच लागते.