बुटांच्या कारखान्याला घाबरलेला चॅम्पियन: रॉकी मार्सियानोची पार्श्वभूमी

४९-० हा आकडा सध्या रत्नागिरी-चिपळूणकडच्या जिममधल्या पोरांच्या तोंडी सारखा ऐकू येतो. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाची क्लिप असते, त्यात एक बुटका, रुंद खांद्यांचा गोरा माणूस उजवा हात टाकतो आणि समोरचा दोरीला हात अडकून हळूहळू खाली बसतो. खाली लिहिलेलं असतं, ४९ लढती, ४९ विजय, ४३ नॉकआउट. हा माणूस म्हणजे रॉकी मार्सियानो, १९५२ ते १९५६ हेवीवेटचा जगज्जेता. आकडा पोरांना पाठ आहे पण त्याच्या मागे काय होतं ते कुणी सांगत नाही, आणि मला तर वाटतं ते समजायला कोकणातल्या माणसाला जरासुद्धा जड जाऊ नये, कारण पोटासाठी घर सोडलेला बाप किंवा आजा आपल्याकडे वाडीतल्या प्रत्येक घरात आहे.

सुरुवात बापापासूनच करायला हवी. पिएरिनो मार्केजानो, गाव रिपा तेआतिना, इटलीच्या अब्रुत्सो भागात, एड्रियाटिक समुद्रापासून थोडं आत टेकडीवर. आई पास्क्वालीना पिच्चुतो, ती आणखी दक्षिणेकडची, बेनेवेंतोजवळच्या डोंगराळ मुलखातली. १८८० पासून १९२४ पर्यंत साधारण ४० लाख इटालियन माणसं अमेरिकेत गेली आणि त्यातली बहुतेक या अशाच दक्षिणेकडच्या गावांमधली. जमिनीचे तुकडे पडलेले, चांगली जमीन जमीनदाराकडे, खंड भरून हातात काही राहायचं नाही. पुरुष आधी एकटे जायचे, चार पैसे जमले की परत येऊ म्हणून, आणि बरेच जण खरोखर परत यायचेही. आपल्याकडे जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातला माणूस बोटीने मुंबई गाठायचा, गाववाल्यांच्या गाळ्यात पथारी टाकायचा, गिरणीत लागायचा आणि दर महिन्याला मनीऑर्डर करायचा, तोच हा हिशेब. फरक इतकाच की चाकरमानी गणपतीला, शिमग्याला घरी येतो, आणि मधे अटलांटिक असला की ते जमत नाही. १९२४ ला अमेरिकेने कायदा करून इटलीचा कोटा वर्षाला चार हजारांच्या आत आणला, त्यानंतर जे तिकडे होते ते तिकडचेच झाले.

पिएरिनो पोचला तो ब्रॉक्टनला, मॅसॅच्युसेट्स राज्यात. हे गाव बुटांचं. अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिकांचे बूट इथून जायचे, आणि नंतर तर गावाचा श्वासच बुटांच्या कारखान्यांवर. काम कसं होतं ते एका घटनेवरून कळेल, २० मार्च १९०५ ला ग्रोव्हर नावाच्या बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटला, अख्खी इमारत कोसळून पेटली, ५८ माणसं गेली. आणि इटालियन माणसाकडे तेव्हा कसं बघायचे तेही ब्रॉक्टनमधेच दिसतं. निकोला साको आणि बार्तोलोमेओ व्हान्झेत्ती, एक बुटांच्या कारखान्यातला कामगार आणि दुसरा हातगाडीवर मासे विकणारा, या दोघांना ५ मे १९२० ला ब्रॉक्टनच्याच ट्राममधे पकडलं. शेजारच्या ब्रेनट्रीमधे बुटांच्या कारखान्याचा पगार लुटून दोन खून झाले होते त्या केसमधे. पुरावा कमकुवत, न्यायाधीश पूर्वग्रहाने भरलेला, जगभर मोर्चे निघाले तरी १९२७ ला दोघांना इलेक्ट्रिक चेअरवर बसवलं. रॉकी तेव्हा चार वर्षांचा होत आलेला. त्या गावातल्या इटालियन घरांमधे त्या दिवसांत काय बोलणं होत असेल याचा अंदाज करायला फार अक्कल लागत नाही.

रॉकीचं खरं नाव रोक्को फ्रान्सिस मार्केजानो, जन्म १ सप्टेंबर १९२३. दीड वर्षाचा असताना न्यूमोनिया झाला, वाचेल असं वाटत नव्हतं. पाठीवर तीन बहिणी, दोन भाऊ. घर डोव्हर स्ट्रीटवर, आईचे वडील लुइजी यांचं, समोरच मोठं मैदान. मागच्या अंगणातल्या ओकच्या झाडाला पोस्टाची जुनी थैली भरून टांगलेली, त्यावर हा ठोसे मारायचा. पिएरिनो पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यातून लढून आलेला, तिथे विषारी वायूने छाती खराब झाली ती कायमची, आणि तशा छातीने तो माणूस वर्षानुवर्षं बुटांच्या कारखान्यात मशीनवर उभा, चामडं साच्यावर ताणून बसवायचं काम. रॉकी दुपारचा डबा घेऊन कारखान्यात जायचा. तिथे बापाला बघून त्याने ठरवलं की आपण काहीही करू पण या दारातून कामाला आत शिरायचं नाही. नंतर गरजेपोटी काही दिवस शिरला, चामड्याचा वास सहन झाला नाही, सोडून दिलं. मला त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते, चॅम्पियनशिपपेक्षाही.

बॉक्सर व्हायचं मात्र डोक्यात नव्हतं. त्याला बेसबॉल खेळायचा होता, कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे चेंडू झेलणारा म्हणून. दहावीनंतर शाळा सुटली, मग बर्फ आणि कोळशाच्या गाडीवर हमाली, खड्डे खणणं, रुळांवरचं काम, जे मिळेल ते. १९४३ ला लष्करात भरती, काही काळ वेल्समधे. लष्करात असताना हौशी लढती खेळला त्यातल्या काही हरलासुद्धा, हे क्लिपवाले सांगत नाहीत. १७ मार्च १९४७ ला पहिली व्यावसायिक लढत खेळला तीही खोट्या नावाने, रॉकी मॅकबर्न म्हणून, कारण हौशी दर्जा जाऊ द्यायचा नव्हता. त्याच वसंतात शिकागो कब्स या बेसबॉल संघाच्या खालच्या टीमसाठी ट्रायलला नॉर्थ कॅरोलिनात गेला आणि नापास होऊन परत आला. वय २३, शिक्षण नाही, हातात कसब नाही, बुटांचा कारखाना दोन गल्ल्या पलीकडे. मग उरलं बॉक्सिंग.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. अमेरिकेत बॉक्सिंगची रिंग बघितली की त्या त्या काळात सगळ्यात खाली कोण होतं ते कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आयरिश, जॉन एल. सलिव्हन हा आयरिश स्थलांतरितांचा मुलगा. मग ज्यू, बेनी लिओनार्ड, बार्नी रॉस. मग इटालियन. आधीच्या इटालियन पोरांनी तर नावं बदलून लढती केल्या कारण तिकिटं आयरिश नावावर खपायची. पुढे हेवीवेट चॅम्पियन झालेल्या जॅक डेम्प्सीला १९१७ ला पहिल्याच राऊंडमधे आडवा करणारा जिम फ्लिन मुळात आंद्रेआ की अँड्र्यू चियारिल्योने. सिसिलीत जन्मलेला ज्युसेप्पे कार्रोरा तर जॉनी डंडी झाला, चक्क स्कॉटलंडच्या शहराचं नाव. रॉकीच्या वेळेपर्यंत दिवस थोडे बदललेले. ऱ्होड आयलंडमधे अनाउन्सरला मार्केजानो उच्चारता येईना म्हणून ‘रॉकी मॅक’ सुचवलं गेलं, ते त्याने नाकारलं आणि मार्सियानो घेतलं, ज्यात इटालियनपणा शिल्लक राहतो. बापाचं नाव थोडं कापलं पण टाकलं नाही.

त्याच्या आजूबाजूची माणसंही बघा. ट्रेनर चार्ली गोल्डमन हा वॉर्सात जन्मलेला ज्यू, स्वतः एकेकाळी छोट्या वजनाचा बॉक्सर, शेकडो लढती अंगावर घेतलेला. मॅनेजर अल वाईल मूळचा अल्सासचा. मित्र अॅली कोलंबो ब्रॉक्टनचाच इटालियन. गोल्डमनकडे शिकायला रॉकी आणि अॅली ट्रकवाल्यांकडे लिफ्ट मागत न्यूयॉर्कला जायचे, बसभाड्याला पैसे नसायचे. गोल्डमनच्या हातात आलेलं सामान तरी काय, उंची जेमतेम ५ फूट १० इंच, वजन ८४ किलोच्या आसपास, हाताची रीच, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, ६८ इंच म्हणजे हेवीवेट चॅम्पियनांमधे सगळ्यात कमी, पाय अडखळणारे, जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा नाही. गोल्डमनने त्याला उंच करायचा प्रयत्नच केला नाही, उलट आणखी खाली वाकवला, समोरच्याला मारायला खाली वाकावं लागेल असा. पाय फार फाकतात म्हणून दोन पायांना दोरी बांधून सराव करून घेतला. आणि उजवा हात जसा होता तसा राहू दिला. त्या उजव्याला ते लाडाने सुझी क्यू म्हणायचे.

१९४८ पासून ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स शहरात लढती सुरू झाल्या आणि पहिल्या १६ च्या १६ नॉकआउट, त्यातले ९ पहिल्याच राऊंडमधे. ब्रॉक्टनहून गाड्या भरून कारखान्यातले कामगार यायचे, पगारातले पैसे त्याच्यावर लावायचे. आई मात्र एकही लढत बघायची नाही, चर्चमधे जाऊन बसायची, आणि तिची भीती खोटी नव्हती. ३० डिसेंबर १९४९ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधे कार्माइन व्हिंगो नावाच्या पोराला याचा ठोसा बसला आणि तो कोमात गेला. व्हिंगो वाचला पण पुन्हा कधी लढला नाही. तोही इटालियनच, तशाच घरातून आलेला.

२६ ऑक्टोबर १९५१ ला समोर जो लुईस, आधीचा हेवीवेट जगज्जेता. लुईस ३७ वर्षांचा, निवृत्त होऊन परत आलेला कारण इन्कम टॅक्सवाले मागे लागलेले. अलाबामातल्या कापसाच्या शेतावर राबणाऱ्या घरातला, तिथून डेट्रॉइटला आलेला, म्हणजे देशातल्या देशात तोही स्थलांतरितच. रॉकीचा तो हिरो. आठव्या राऊंडमधे लुईस दोरीबाहेर पडला, आणि नंतर ड्रेसिंग रूममधे रॉकी त्याच्यासमोर रडला. एवढे पैसे कमावलेला माणूस म्हातारपणी मार खायला परत येतो हे रॉकीने त्या रात्री जवळून बघितलं, ते पुढे कामाला आलं.

मग २३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया, समोर चॅम्पियन जर्सी जो वॉलकॉट. वॉलकॉटचं खरं नाव अर्नोल्ड क्रीम, आणि त्याचा बाप बार्बाडोसहून आलेला, रिंगमधलं नाव बार्बाडोसच्याच एका जुन्या चॅम्पियनचं घेतलेलं. मंदीच्या काळात सहा पोरांचं घर सरकारी मदतीवर चालवलेला माणूस, ३७ व्या वर्षी चॅम्पियन झाला. म्हणजे रिंगमधे दोन्ही बाजूंना बोटीने आलेल्या माणसाची पोरं. पहिल्याच राऊंडमधे वॉलकॉटच्या डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, रॉकी खाली गेला, आयुष्यात पहिल्यांदा. उठला. मधल्या काही राऊंडमधे डोळ्यात काहीतरी जाऊन त्याला नीट दिसत नव्हतं, तरी पुढेच सरकत राहिला. १२ राऊंड संपले तेव्हा तिन्ही पंचांच्या गुणांच्या कार्डावर वॉलकॉट पुढे, म्हणजे नॉकआउटशिवाय मार्गच नाही. तेराव्या राऊंडला सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं, वॉलकॉट दोरीजवळ, दोघांनी उजवा एकाच वेळी टाकला आणि रॉकीचा, अंतर जेमतेम वीतभर असेल, आधी पोचला. क्लिपमधे दिसतो तो हाच ठोसा. पण आधीचे १२ राऊंड बघा हो पोरांनो, कार्डावर हरत असताना तो एकदाही मागे गेला नाही, ते शिकण्यासारखं आहे, ठोसा तर उपजतच होता त्याच्याकडे.

पुढे सहा वेळा किताब राखला. वॉलकॉटलाच पहिल्या राऊंडमधे, लास्टार्झा, मग एझार्ड चार्ल्स दोनदा, त्यातल्या दुसऱ्या लढतीत रॉकीचं नाक असं फाटलं की डॉक्टर लढत थांबवणारच होते, त्याने आठव्यात चार्ल्सला संपवला. मग कॉकेल, आणि शेवटी २१ सप्टेंबर १९५५ ला आर्ची मूर. २७ एप्रिल १९५६ ला ३२ व्या वर्षी निवृत्त. लोक म्हणतात समोरचे सगळे म्हातारे होते, लुईस, वॉलकॉट, मूर. खरं आहे ते, वय खोटं बोलत नाही. पण चार्ल्स म्हातारा नव्हता, आणि त्या वेळी जे सगळ्यात चांगले होते त्यातल्या कुणालाही त्याने टाळलं नाही. एवढं पुरेसं आहे माझ्या मते.

पुनरागमनासाठी त्याला पैशाच्या ऑफर आल्या, त्याने लुईसला बघितलं होतं, परत गेला नाही. चॅम्पियन झाल्यावर पहिल्यांदा बापाला कारखान्यातून सोडवलं. पण भीती गेली नाही. चेक घ्यायचा नाही, बँकेवर विश्वास नाही, सगळं रोखीत, आणि ती रोकड कुठेकुठे दडवलेली, पडद्याच्या दांड्यात, फ्लशच्या टाकीत. ३१ ऑगस्ट १९६९ ला, ४६ व्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, आयोवातल्या न्यूटनजवळ छोटं विमान कोसळून तो गेला. मृत्युपत्र नव्हतं, पैसे कुठे आहेत ते बायकोला, मुलीलाही माहीत नव्हतं, आणि बराचसा पैसा कधी सापडलाच नाही. मला या गोष्टीचं खरंच वाईट वाटतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला त्यानंतर रिकाम्या हाताने गावाला परत आलेली माणसं आपण बघितलीत, एकदा पगार तुटलेल्या घरात पैसा कसा धरून ठेवतात ते आपल्याला कुणी समजवायला नको.

विक्रमाचं पुढे असं झालं. लॅरी होम्स ४८-० पर्यंत आला आणि २१ सप्टेंबर १९८५ ला, मूरच्या लढतीला बरोबर ३० वर्षं झाली त्या दिवशी, मायकेल स्पिंक्सकडून पॉइंट्सवर हरला. फ्लॉइड मेवेदरने २०१७ ला ५०-० केलं पण ते कमी वजनगटांत. आणि ज्यांना हा विषय पुढे वाचायचाय त्यांनी वेल्सचा बॉक्सर जो कॅल्झागीकडे वळावं, बाप एन्झो सार्डिनियाहून वेल्सला गेलेला संगीतकार, स्वतः कधी बॉक्सर नव्हता तरी त्यानेच पोराला तयार केलं, आणि पोरगा २००९ ला ४६-० वर निवृत्त झाला.