फंक्शनमध्ये प्रिंट लिहायचं की रिटर्न?

बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, डिप्लोमा, कॉलेज रोडवरच्या कुठल्याही क्लासमध्ये पोरं पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्वतःचं फंक्शन (नाव देऊन हवं तेव्हा वापरायचा कोडचा तुकडा) लिहायला लागली की हा प्रश्न हमखास येतो, "सर, उत्तर तर बरोबर येतंय, मग खाली एरर कशाला?" आणि कोड उघडून बघितला की बहुतेक वेळा तेच, रिटर्न पाहिजे तिथे प्रिंट लिहिलेलं.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. लासलगावला कांद्याची ट्रॉली नेली, वजन भरलं २५ क्विंटल, भाव लागला १८०० रुपये. रक्कम नावाचं फंक्शन करायचं, कंसात वजन आणि भाव घ्यायचे, आत गुणाकार करायचा. (नाव खरंच देवनागरीत ठेवलं तरी चालतं बरं का, पायथॉन ३ मध्ये ती सोय आहे, डेफ, रिटर्न असे पायथॉनचे स्वतःचे शब्द मात्र इंग्रजीतच लागतात.)

आता गुणाकार प्रिंट केला तर स्क्रीनवर ४५००० येतात, आणि रिटर्न करून शेलमध्ये (एकेक ओळ टाकून लगेच उत्तर बघायची पायथॉनची खिडकी) चालवलं तरी ४५०००च येतात. मग दोन्ही एकच ना? नाही, आणि यात पोरांची काही चूक नाही, शेलच तसं आहे, त्या तीन बाणांपुढे काहीही टाका, त्यातून जी व्हॅल्यू निघेल ती तो बहुतेक वेळा स्वतःहून दाखवतो. तोच कोड फाईलमध्ये सेव्ह करून रन करा, प्रिंटवाला आकडा दिसेल, रिटर्नवाल्याचं स्क्रीनवर काहीच येणार नाही. शेलमध्येच फरक बघायचा असेल तर फंक्शनच्या आत गुणाकाराऐवजी नाशिक असा मजकूर द्या. प्रिंट केला तर नुसतं नाशिक, रिटर्न केला तर अवतरणचिन्हांसकट.

प्रिंट म्हणजे लिलावात भाव पुकारणं, सगळ्यांनी ऐकलं आणि झालं. रिटर्न म्हणजे हिशोबपट्टी हातात मिळणं, ती घेऊन पुढचा व्यवहार करता येतो.

आता त्या रकमेतून गाडीभाडं २००० वजा करा, फंक्शन कॉल केलं आणि पुढे लगेच वजा २०००. रिटर्न असेल तर ४३००० मिळतात, दोन ट्रॉल्यांच्या रकमा थेट एकमेकींत मिळवता येतात, व्हेरिएबलमध्ये ठेवून उद्या वापरता येतात. प्रिंट असेल तर आधी ऐटीत ४५००० छापून येतात आणि त्याच्या बरोब्बर खाली टाईपएरर, की ननमधून (None, म्हणजे 'काहीच नाही') इंट, म्हणजे पूर्णांक, वजा होत नाही. हा नन आला कुठून? फंक्शनने काहीच रिटर्न केलं नाही तर पायथॉन गुपचूप नन परत देतो, आणि तुम्ही त्या ननमधून भाडं वजा करायला निघालात. याच कारणाने प्रिंटवालं फंक्शन परत प्रिंटच्या कंसात टाकलं की आकड्याखाली एक एकटा नन छापून येतो, तो बघून पोरं घाबरतात, पण तो दिसला म्हणजे फंक्शनमध्ये रिटर्न राहिलंय एवढाच अर्थ असतो बहुतेक वेळा.

माझं मत सांगतो, हिशोब करणाऱ्या फंक्शनच्या आत प्रिंट नकोच, उत्तर रिटर्न करा आणि दाखवायचं असेल तर बाहेर प्रिंट करा. मेनू दाखवणं, पावती छापणं असल्या कामाचं फंक्शन असेल तर आत प्रिंट बिनधास्त.

अजून एक फरक राहिला. प्रिंटनंतर खालच्या ओळी चालू राहतात, रिटर्न आलं की फंक्शन तिथल्या तिथे संपतं, खाली कितीही कोड असला तरी तो चालत नाही. लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड, उदाहरणार्थ फॉर) लिहिताना हे फार नडतं, तीन ट्रॉल्यांची बेरीज करायची असते, रिटर्नची ओळ चुकून लूपच्या आत सरकलेली असते आणि पहिल्याच ट्रॉलीची रक्कम घेऊन फंक्शन बाहेर पडतं, एरर तर कुठलीच येत नाही. म्हणून बेरीज कमी आली की फॉर्म्युला तपासत बसण्याआधी रिटर्नच्या डावीकडच्या स्पेस मोजा, लूप संपल्यावर ती ओळ फॉरच्या ओळीइतक्याच स्पेस सोडून आली पाहिजे.